फुगा वर जातोच, पेटी परत कशी आणायची? ३० किलोमीटरवर कॅमेरा पाठवणाऱ्या हौशी लोकांबद्दल

वातकुक्कुट

मंडळी, हवामानाच्या रबरी फुग्याला थर्माकोलची पेटी बांधायची, पेटीत कॅमेरा ठेवायचा आणि ३० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीचे फोटो आणायचे, या छंदाचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. वर भरदुपारी काळं आकाश, खाली निळसर हवेचा पातळ पट्टा. व्हिडिओत फुगा सोडतानाचा जल्लोष असतो, फुगा फुटतो तो क्षणही असतो. पेटी शोधायला लोक कुठे कुठे हिंडले, ते मात्र शेवटच्या काही सेकंदांत उरकलेलं असतं. माझ्या मते या छंदातली खरी विद्या तिथेच आहे, म्हणून हा धागा.

आधी सगळ्यांत गाजलेलं उड्डाण. सप्टेंबर २००९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या स्टरब्रिज गावातून एक फुगा सोडला. साधा कॅनन कॅमेरा, दर ५ सेकंदांनी एक फोटो. ठावठिकाणा कळवायला जीपीएस असलेला स्वस्त प्रीपेड मोबाइल. सगळं पेयं गार ठेवायच्या थर्माकोलच्या डब्यात, सोबत थंडीत हात शेकायच्या गरम पुड्या. एकूण खर्च १५० डॉलरच्या आत. त्यांच्या अंदाजाप्रमाणे पेटी सुमारे २८ किलोमीटरवर गेली आणि ३० किलोमीटरभर पूर्वेला वूस्टरजवळ उतरली. मोबाइलने जमिनीवर आल्यावर पत्ता कळवला, ते गेले आणि घेऊन आले. त्यानंतर जगभर लोकांनी हे करून पाहिलं. जानेवारी २०१२ मध्ये टोरांटोच्या दोन शाळकरी मित्रांनी लेगोचा बाहुला २४ किलोमीटरवर पाठवला, तो १२२ किलोमीटर दूर सापडला.

आता उलटी गोष्ट. जून २०१३ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाने ॲरिझोनात ग्रँड कॅन्यनजवळून असाच फुगा सोडला. उड्डाण उत्तम झालं. पेटी साधारण ८० किलोमीटर दूर वाळवंटात उतरली, पण तिथे मोबाइलला सिग्नलच नव्हता. पेटी जवळजवळ दोन वर्षं तिथेच पडून राहिली. पुढे डोंगरात फिरायला गेलेल्या एका बाईंना ती सापडली आणि सिमकार्डावरून मालकांचा पत्ता लागला. चित्रण शाबूत होतं, आणि ते अप्रतिम आहे.

एमआयटीच्या आणि ॲरिझोनातल्या पेटीत जवळपास सारखंच सामान होतं. फरक पेटी कुठे उतरली एवढाच, आणि ते ठिकाण बऱ्याच अंशी आधी काढता येतं.

थोडं विज्ञान. वर जाताना बाहेरचा दाब कमी होतो, रबर ताणत जातं. ३० किलोमीटरवर दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम सव्वा टक्का उरतो. १ किलो वजनाचा फुगा, १ किलोची पेटी आणि सुमारे ३ घनमीटर हेलियम धरा. सोडताना फुग्याचा व्यास पावणेदोन मीटरच्या आसपास असतो, फुटताना पावणेआठ मीटरच्या पुढे जातो. म्हणजे आकारमान ऐंशी-नव्वद पट. फुगा सेकंदाला साधारण ५ मीटरने चढतो, ३० किलोमीटरला १०० मिनिटं लागतात. फुटल्यावर पेटी आधी दगडासारखी येते, कारण पॅराशूटला धरायला हवाच नसते. दाट हवेत आली की वेग कमी होत जमिनीपाशी सेकंदाला ५ मीटर. १ किलोच्या पेटीला मीटरभर व्यासाचं पॅराशूट पुरतं. उतरायला अर्धा-पाऊण तास.

पेटी किती वाहवत जाईल, याचा हिशोब असा. ९ ते १५ किलोमीटरच्या थरात वारा सेकंदाला ४० मीटरने वाहतोय असं समजू. हा थर चढायला २० मिनिटं, म्हणजे ४८ किलोमीटर. उतरताना वेग तिथे साधारण दुप्पट, म्हणून आणखी २४. एका थराने ७० किलोमीटर नेलं! वाऱ्याचा अंदाज न बघता फुगा सोडणं म्हणजे पत्ता न लिहिता पत्र पेटीत टाकणं.

इथे कुणी असं उड्डाण जवळून पाहिलं असेल, शोधाशोध केली असेल तर सविस्तर लिहा.

चिकित्सक_चिऊ

छान धागा. दोन शंका. मोबाइल पेटीतच आहे तर तो वर जाताना सतत ठिकाण का कळवत नाही? आणि जीपीएसचे उपग्रह तर २०,००० किलोमीटरवर आहेत, मग ३० किलोमीटरवर जीपीएस बंद पडतं असं का वाचायला मिळतं?

वातकुक्कुट

@चिकित्सक_चिऊ, मोबाइलच्या मनोऱ्यांचे ॲन्टेना जमिनीकडे झुकवलेले असतात, आकाशातल्या ग्राहकासाठी कुणी मनोरा बांधत नाही. काही किलोमीटर वर गेलं की संपर्क तुटतो आणि परत खाली आल्यावरच जुळतो, तोही मनोरा असेल तर. त्यामुळे मोबाइल हा फक्त जमिनीवरचा साक्षीदार, आणि तो एकटा पुरत नाही.

जीपीएसची अडचण तांत्रिक नाही, मुद्दाम घातलेली आहे. क्षेपणास्त्रात वापर होऊ नये म्हणून नागरी रिसीव्हरवर जुनं बंधन आहे: १८ किलोमीटरच्या वर, १,००० नॉटपेक्षा (ताशी सुमारे १,८५० किलोमीटर) जास्त वेगाने ते चालायचं नाही. खरं तर दोन्ही अटी एकदम मोडल्या तरच बंद व्हायला हवं. पण काही उत्पादक एक अट मोडली तरी बंद करतात, मग फुगा १८ किलोमीटरला पोहोचला की आकडे गोठतात. म्हणून हौशी लोक जीपीएसचे असे मॉड्यूल (तयार छोटे सुटे भाग) घेतात ज्यांना 'विमानात आहेस' अशी सूचना देता येते. ती दिली की काही मॉड्यूल ५० किलोमीटरपर्यंत चालतात. सूचना मात्र दर वेळी वीज सुरू झाल्यावर द्यावी लागते, प्रोग्राममध्ये ती ओळ आहे ना हे तपासायचं.

लीड्सवासी

वाचून फार आनंद झाला. मी उत्तर इंग्लंडमध्ये राहते, मूळची साताऱ्याची. इकडे या छंदाची एक बाजू आहे जी व्हिडिओंत अजिबात दिसत नाही: ऐकणारी माणसं.

इथे पेटीत फक्त १० मिलिवॅटचा रेडिओ असतो, ४३४ मेगाहर्ट्झच्या आसपास. घराच्या दारातलं गेट उघडणाऱ्या रिमोटएवढी ताकद. पण पेटी ३० किलोमीटरवर असली की तिच्या आणि माझ्या खिडकीच्या मध्ये डोंगर-इमारत काही येत नाही, आणि ४००-५०० किलोमीटरवरून तिचा आवाज ऐकू येतो. पूर्वी सगळे आरटीटीवाय वापरायचे, म्हणजे दोन सुरांत अदलाबदल करत अक्षरं पाठवायची. कानाला ती पाखराच्या चिवचिवाटासारखी लागते. आता बहुतेक जण लोरा या कमी ताकदीत दूरवर पोचणाऱ्या नव्या रेडिओ पद्धतीकडे वळलेत. लॅपटॉप तो आवाज अक्षरांत बदलतो: क्रमांक, वेळ, अक्षांश, रेखांश, उंची, तापमान. आपल्याला मिळालेली ओळ इंटरनेटवरून सामायिक नकाशावर जाते. एकाच्या खिडकीतून ओळ सुटली तर दुसऱ्या गावात कुणाला तरी मिळालेली असते.

उड्डाण कुणा अनोळखी शाळेचं असतं, तरी शनिवारी सकाळी पंधरा-वीस जण आपापल्या घरून कान लावून बसतात. मीही बसते. पेटी उतरताना क्षितिजाखाली जायला लागली की आवाज एकेक करून सगळ्यांकडचा बंद होतो, आणि सगळ्यात शेवटची ओळ ज्याला मिळते त्याच्या आकड्यावरून शोध सुरू होतो. ५००-६०० मीटर उंचीवरची ओळ मिळाली तर अर्ध्या किलोमीटरच्या टापूत शोधायचं. ३,००० मीटरला तुटली तर अख्खा दिवस जातो.

पेटी कुठे पडेल हे काढायला केंब्रिज विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेलं गणित सगळे वापरतात. त्यांनी २००६ मध्येच नोव्हा नावाच्या मोहिमेत ३२ किलोमीटर गाठले होते. अमेरिकेच्या हवामान संस्थेचं जागतिक वाऱ्याचं भाकीत घ्यायचं, चढण्याचा वेग, फुटण्याची उंची आणि उतरण्याचा वेग द्यायचा, नकाशावर रेघ येते. इथे खरी भीती समुद्राची. वारा बहुतेक पश्चिमेकडून आणि पूर्वेला उत्तर समुद्र. रेघेचं टोक पाण्यात गेलं की गॅस भाड्याने आणलेला असो, सुट्ट्या काढलेल्या असोत, उड्डाण रद्द. असं रद्द करणाऱ्या लोकांबद्दल मला फार आदर आहे.

बाळीवेस

लीड्सवासी ताई, तुमच्या समुद्रावरनं आठवलं. आम्ही सोलापूरचे. आमच्याकडं हे फुगे नवीन नाहीत. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, म्हणजे टीआयएफआरचं, फुगे सोडायचं केंद्र आहे, १९६९ पासनं. होमी भाभांनी विश्वकिरणांसाठी, म्हणजे अवकाशातनं येणाऱ्या किरणांच्या अभ्यासासाठी, फुगे सोडायला सुरू केलं, ती परंपरा. तिथनं फुगे सोडायचे असले की पेपरात सूचना येते: विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर या रेषेच्या आसपास, हैदराबादपासनं २०० ते ३५० किलोमीटरपर्यंत उपकरणं पॅराशूटनं उतरू शकतात. सापडली तर उघडू नका, हात लावू नका, पेटीवरच्या पत्त्यावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला, पोस्टाला कळवा. सूचनेत सोलापूर, लातूर, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), नांदेड असे आपले जिल्हे असतात.

लहानपणी वडील ती सूचना मोठ्यानं वाचून दाखवायचे. शेतावर जाताना आम्ही आकाशाकडं बघत जायचो. आमच्या रानात कधी काही पडलं नाही, पण आपलं गाव त्या रेषेवर आहे याचं अप्रूप होतं.

माझा प्रश्न असा की ते फुगे आणि हे हौशी फुगे एकच का?

वातकुक्कुट

@बाळीवेस, ही माहिती धाग्यात आली हे फार बरं झालं. फुगे वेगळे. हैदराबादचे मोठे फुगे पातळ पॉलिथिनचे असतात, रबराचे नाहीत. ते ताणत नाहीत. सोडताना वरच्या टोकाला थोडाच गॅस असतो, बाकी फुगा लोंबता. वर जाता जाता गॅस पसरून फुगा पूर्ण भरतो आणि जादा गॅस खालून निघून जातो. त्यामुळे फुगा न फुटता एका उंचीवर तासन्‌तास तरंगतो, ४० किलोमीटरच्या पुढेही जातो, आणि काम संपलं की इथून आज्ञा देऊन पेटी सोडवतात. हौशी फुगा रबरी, तो चढतच जातो आणि फुटतो. भारतीय हवामान खात्याचे रोजचे फुगेही रबरीच. पहाटे आणि संध्याकाळी मुंबई, नागपूर, पणजी अशा ठिकाणांहून सुटतात, खाली रेडिओसाँड नावाची छोटी पेटी असते.

तुमची ती रेषा पूर्व-पश्चिम का, हे बघण्यासारखं आहे. आपल्या भागात वरचा वारा मुख्यतः याच दोन दिशांनी वाहतो. हिवाळ्यात ११-१२ किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत असतो. पावसाळ्यात १४-१५ किलोमीटरवर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे. हा पूर्वेकडून येणारा झोत जगासमोर नीट मांडला तो आपल्याच पी. कोटेश्वरम यांनी, १९५८ मध्ये. मला या माणसाबद्दल शाळेच्या पुस्तकात एक धडा असावा असं मनापासून वाटतं. म्हणजे पुण्याहून किंवा कोकणातून पावसाळ्यात फुगा सोडला तर पेटी अरबी समुद्राकडे. हिवाळ्यात मराठवाड्यातून सोडला तर ती तेलंगणाच्या बाजूला, सपाट शेतात.

धावपट्टी

आतापर्यंतची चर्चा उत्तम. पण कोणी उत्साहात गॅसचं सिलिंडर आणण्याआधी परवानगीचं बोलायला हवं. मी आयुष्यभर विमानतळावर नोकरी केली आहे, म्हणून हे कळकळीने लिहितो.

आंतरराष्ट्रीय नियमांत मानवरहित मुक्त फुग्यांचे हलके, मध्यम आणि जड असे वर्ग आहेत, आणि एकूण ४ किलोपेक्षा कमी सामान वाहणारा फुगा साधारणपणे हलका. अमेरिकेत हलक्या पेट्यांना बरीच सूट आहे, म्हणून तिकडच्या व्हिडिओंत मंडळी माळावर जाऊन सरळ सोडताना दिसतात. ते पाहून इथे तसं करू नये. लीड्सवासी सांगतील, ब्रिटनमध्येही हवाई वाहतूक प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागते आणि वैमानिकांसाठी सूचना निघते. आपल्याकडे डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय), जवळच्या विमानतळाचं हवाई वाहतूक नियंत्रण आणि पोलीस या सगळ्यांना लेखी कळवून, परवानगी हातात आल्यावरच सोडायचा. पुण्याचं लोहगाव तर हवाई दलाचं विमानतळ आहे, तिथल्या आकाशात परस्पर काही सोडण्याचा विचारही नको. प्रवासी विमानं १० ते १२ किलोमीटरवर उडतात आणि तुमची पेटी त्या थरातून दोनदा जाणार आहे, चढताना आणि उतरताना. म्हणून पेटी हलकी, मऊ थर्माकोलची हवी आणि दोरी ताणाखाली तुटणारी हवी.

पेटीवर मराठी, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजीत ठळक लिहा: हे विद्यार्थ्यांचं हवामान उपकरण आहे, धोका नाही, या क्रमांकावर कळवा. डिसेंबर २०२२ मध्ये तेलंगणात विकाराबादजवळच्या शेतात एक मोठी कुपी उतरली. हैदराबादच्या केंद्रातून सोडलेल्या एका स्पॅनिश कंपनीच्या चाचणीची होती ती. गावात केवढी गर्दी आणि केवढे तर्क! गावकऱ्यांचा दोष नाही, आकाशातून अनोळखी वस्तू आली तर माणूस घाबरणारच.

गच्चीवरचा_फोटोवाला

मी फोटोंच्या बाजूने लिहितो. या व्हिडिओंत पृथ्वी जेवढी गोल दिसते तेवढी ३० किलोमीटरवरून दिसत नाही. रुंद कोनाची भिंग सरळ रेषा वाकवतात. क्षितिज चौकटीच्या मध्याच्या वर असेल तर जास्त फुगीर दिसतं, खाली गेलं तर उलटं, वाटीसारखं. पेटी हेलकावे खात असते, त्यामुळे एकाच चित्रफितीत पृथ्वी गोल, सपाट, वाटी अशी सगळी दिसते, आणि मग इंटरनेटवर भांडणं होतात. क्षितिज बरोबर मध्यातून जाणारी चौकट शोधा. तिथे भिंगाचा दोष जवळजवळ नसतो. तिथे जो हलका बाक दिसतो तो खरा, आणि तो हलका असला तरी बघताना अंगावर काटा येतो.

हे १९३५ मध्येच फोटोत पकडलं गेलं होतं. ११ नोव्हेंबरला अमेरिकेतल्या साउथ डकोटातून एक्सप्लोरर-२ या प्रचंड फुग्याने दोघं जण २२ किलोमीटरवर गेले होते, त्या फोटोंत पृथ्वीचा बाक दिसतो. आज ते काम खिशातला कॅमेरा करतो.

एक गंमत मोजून पाहिली. ३० किलोमीटरवरून क्षितिज सुमारे ६१८ किलोमीटरवर असतं. सोलापूरच्या बरोबर वर पेटी असेल तर रत्नागिरीचा किनारा तीनशे किलोमीटरच्या आत आणि मच्छलीपट्टणम सहाशेच्या आत. गणिताने दोन्ही समुद्र एका पेटीच्या नजरेत येतात! धुरकटपणामुळे पूर्वेचा फोटोत ओळखू येणं कठीण, पण पावसानंतरच्या स्वच्छ हवेत अरबी समुद्राची चमक यायला हरकत नाही.

आणि कृपया 'अंतराळातून' म्हणू नका. अंतराळाची रूढ सीमा १०० किलोमीटर आहे. आपण स्थितांबरात, म्हणजे वातावरणाच्या खालून दुसऱ्या थरात आहोत, आणि ती जागा कमी नाही.

शाळामास्तर

मी लातूर जिल्ह्यात शाळेत विज्ञान शिकवतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये रामेश्वरमहून विद्यार्थ्यांनी बनवलेले १०० चिमुकले उपग्रह फुग्याने वर पाठवले होते, त्यात महाराष्ट्रातल्या शाळांतली बरीच मुलं होती. तेव्हापासून आमची मुलं मागे लागली आहेत. परवानगीचं धावपट्टी साहेबांनी सांगितलं, ते रीतसरच करू, वेळ लागला तरी चालेल. तोवर मुलांना शिकण्यासारखं जमिनीवर काय काय करता येईल? आणि हेलियम की हायड्रोजन?

वातकुक्कुट

@शाळामास्तर, सर, जमिनीवरच अर्धं उड्डाण होतं.

पहिलं, थंडीची परीक्षा. आपल्या अक्षांशावर १६-१७ किलोमीटरवर तापमान उणे ८० अंशांपर्यंत उतरतं, युरोप-अमेरिकेपेक्षाही खाली. वर गेल्यावर ते पुन्हा वाढतं, कारण ओझोन अतिनील किरणं शोषतो. घरातला फ्रीझर या परीक्षेला पुरत नाही. कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा असतो. मोठ्या थर्माकोलच्या खोक्यात तो ठेवून आपली पेटी त्यात दोन-अडीच तास चालू ठेवा. खोली बंद नको, कारण त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि हाताळायला जाड हातमोजे. साध्या अल्कलाइन बॅटऱ्या इथेच मान टाकतात. एकदाच वापरायच्या लिथियमच्या पेन्सिल बॅटऱ्या उणे ४० पर्यंत चालतात, आणि थर्माकोलच्या आत याहून थंड सहसा होत नाही. भिंगावर दव धरू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या टाका. वर कॅमेरा तापूही शकतो बरं का: विरळ हवा उष्णता वाहून नेत नाही आणि ऊन कडक असतं. म्हणून पेटी फार गच्च बांधू नका.

दुसरं, पॅराशूट. शाळेच्या गच्चीवरून तेवढ्याच वजनाची वाळूची पिशवी सोडून मुलांना वेळ मोजू द्या.

तिसरं आणि माझ्या लेखी सगळ्यांत मोलाचं: रोज भाकिताची रेघ काढा. परवानगीची वाट बघता बघता मुलं नकाशावर आजचं टोक कुठे आलं ते लिहीत राहतील. ऑक्टोबरात सुरू केलं तर रेघ आठवड्या-आठवड्याला पूर्वेकडे वळताना आणि लांबताना त्यांना स्वतः दिसेल. वर वारा आहे हे त्यांना कुणी सांगावं लागणार नाही.

चौथं, शोधाचा सराव. पेटी ट्रान्समीटरसह कुणीतरी उसात लपवून ठेवायची आणि बाकीच्यांनी ॲन्टेना घेऊन शोधायची. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ठरलेल्या ताकदीच्या आत विनापरवाना प्रसारण चालतं, लोराचे मॉड्यूल त्यासाठी मिळतात.

गॅस: हायड्रोजन स्वस्त आणि किंचित जास्त उचलणारा, पण शाळेत तो नकोच. हेलियम महाग आहे, तरी मुलं आजूबाजूला असताना दुसरा पर्याय नाही. हवामानाचे रबरी फुगे पुण्यातही बनतात, परदेशातून मागवायची गरज नाही. फुगा हाताळताना सुती हातमोजे घाला, अंगठ्या-घड्याळं काढून ठेवा. ताणलेल्या रबराला लहानसा ओरखडाही पुरतो.

लीड्सवासी

एक जोडते. फुटलेल्या फुग्याच्या चिंध्या पेटीला लटकून खाली येतात. त्या उचलून आणणं हाही शोधाचाच भाग धरा, गुरांच्या पोटात जाऊ शकतात. इकडे चांगले गट तो नियम कटाक्षाने पाळतात.

आणि सर, ज्या शेतात पेटी पडेल त्या शेतकऱ्याला विचारल्याशिवाय आत जायचं नाही, मुलांना हे आधीच सांगा. त्याला बांधावर उभं राहून फोटो दाखवलेत तर तो पुढच्या वेळी तुमच्यासोबत शोधायला येईल. इथे असं घडलेलं मी पाहिलं आहे.

शाळामास्तर

सर्वांचे आभार. सातवी-आठवीची मुलं भाकिताची वही घालणार आहेत. रोज एक रेघ, तारीख, वाऱ्याचा वेग. कोरडा बर्फ लातुरात कुठे मिळेल याची चौकशी सुरू केली आहे. एक शंका राहिली: रोज कोणत्या वेळेची रेघ काढावी?

वातकुक्कुट

पहाटे साडेसहाची धरा, सर. जमिनीलगतचा वारा तेव्हा सगळ्यांत शांत असतो, त्यामुळे फुगाही बहुधा त्याच वेळी सोडाल. पेटीचं वजन १ किलो, चढण ५ मीटर, फुटण्याची उंची ३० किलोमीटर, उतरण ५ मीटर हेच आकडे रोज ठेवा, म्हणजे रेघेत बदल दिसेल तो फक्त वाऱ्याचा. हवामान खात्याचे हैदराबाद आणि मुंबईचे रोजचे प्रत्यक्ष मोजलेले वरचे वारेही इंटरनेटवर मिळतात, मोठ्या मुलांना ते भाकिताशी ताडून बघायला द्या. महिनाभराची वही झाली की तिचे फोटो इथे टाका.